पसरणीच्या घाटात सापडलेले पेट्रोल

इंग्रजीतून मराठीत आलेल्या ज्या शब्दांनी घर बदलताच गोत्रही बदलले, त्यांत ‘ॲव्हरेज’ हा शब्द अग्रगण्य मानावा लागेल. कोशात त्याचा अर्थ सरासरी. पण लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ “तुमची किती ॲव्हरेज देते हो?” असे विचारतात, तेव्हा त्यांना एका लिटरला किती किलोमीटर, एवढेच हवे असते. आणि उत्तर देणारा, चिरंजीवांचे मार्क सांगावेत तसे, दोनचार वाढवूनच सांगतो!

आमची गाडी दहा वर्षांची. लिटरला १६ किलोमीटर देणारी ही गुणी गाडी वर्षभरात साडेअकरावर आली. आकडा अंदाजाचा नव्हे. एकाच पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा तिथेच तशीच भरायची आणि भागाकार करायचा. ही रीत मी पाळीत आलो आहे.

शहरातल्या एका गॅरेजने इंजेक्टर व सेन्सर बदलण्याचे पंचवीस हजार सांगितले. “त्यापेक्षा गाडी विकू या. वाईला एस.टी. जातेच की,” सौभाग्यवतींनी सुचविले. सूचना रास्त होती. पण वाईला आमच्या मातोश्री असतात. वय अठ्ठ्याहत्तर. कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती सोडून पुण्याच्या फ्लॅटात राहायला त्या तयार नाहीत, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही. डॉक्टरांकडे आणायचे तर गाडीच हवी. गाडी गेली की त्यांचे वाईचे राहणेही संपणार, हे न बोलताच सर्वांना कळत होते.

संशयितांची यादी केली. पहिला इथेनॉल. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ साली पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. लिटरभर इथेनॉलात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश शक्ती कमी. म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल असले की घट सहा-सात टक्के. सोळाचे पंधरा होतील, साडेअकरा नव्हेत. एअर फिल्टर स्वच्छ होता, प्लग नवे होते, टायरांतली हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे होती. मग राहिले काय?

हा प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही एका रविवारी निघालो. कात्रज, खेड शिवापूर, सारोळ्याशी नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, मग खंबाटकी, आणि सुरूर फाट्यावरून आत वळताच रस्त्याचा स्वभावच बदलतो. वडाच्या सावल्या, उसाच्या बैलगाड्या, आणि पुढे मराठी विश्वकोशाचे गाव! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे ज्ञानाचा हा कारखाना कृष्णाकाठी आला. मराठीच्या प्राध्यापकाला वाईत शिरताना थोडे नम्र वाटतेच.

आईच्या शेजारी एक मिस्त्री राहतात. त्यांनी स्कॅनर लावला. इंजिनाचे तापमान नव्वदच्या आसपास, मिश्रणही ठीक. “इंजेक्टरला कशापायी हात लावायचा, सर? इंजिन निर्दोष हाय. चला, घाट चढून बघू.”

वाईहून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, आणि चढ सुमारे ६०० मीटरांचा. शाहीर साबळ्यांचे जन्मगाव पसरणी मागे पडले, वळणे सुरू झाली आणि खाली धोमचे पाणी दिसू लागले. माणसांसह तेराशे किलोची गाडी एवढी उंच न्यायला जवळजवळ एक लिटर पेट्रोल जादाच लागते. म्हणून घाटाचा हिशेब केवळ जाण्याचा करू नये, परतीचा धरून करावा.

माथ्यावर मिस्त्रींनी गाडी कडेला घ्यायला लावली. चारही चाकांजवळ त्यांनी हात नेला, लावला मात्र नाही. तीन चाके कोमट. पुढचे डावे मात्र तव्यासारखे तापलेले, आणि जळका वास!

“सर, चढावर ब्रेक किती येळा लावला?”

“जवळजवळ नाहीच.”

“मग ह्ये चाक का तापलं?”

उत्तर त्या प्रश्नातच होते. चाक निवल्यावर त्यांनी जॅक लावला. हाताने फिरवले तर ते अडखळत होते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांतली एक पावसाळ्यात गंजून घट्ट बसली होती. पाय काढला तरी ब्रेक-पॅड डिस्कला चिकटूनच राहायचे. महिनोन्‌महिने आमचे इंजिन आमच्याच ब्रेकशी भांडत होते, आणि त्या भांडणाचे पेट्रोल आम्ही भरत होतो. मिस्त्रींनी पिना घासून, उष्णता सोसणारे ग्रीस लावून बसविल्या. खाली आल्यावर पुढची दोन्ही पॅडे बदलली. सारा खर्च तीन हजारांच्या आत.

“पेट्रोल गेलं त्येचं काय न्हाई, सर,” ते म्हणाले. “पण आधीच तापलेला ब्रेक उतारावर आनखी तापला, तर ऐन वळणाला पकडत न्हाई. पाठीमागं म्हातारी मानसं असत्यात.”

सौभाग्यवती यावर काही बोलल्या नाहीत. गाडी विकण्याचा विषय मात्र त्या दिवसापासून निघालेला नाही.

पुढच्या दोन टाक्यांचा हिशेब पावणेपंधरा आला. पुणे-वाई जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे फेरीमागे तीन लिटरांहून अधिक बचत. उरलेली तूट बहुतांशी इथेनॉलची. ती कुठल्याच मिस्त्रीच्या हातची नाही.

दिवाळीच्या सुटीत आपण घाट चढणार असाल, तर माथ्यावर कणसे खाण्यापूर्वी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक वेगळे तापले असेल तर ते दाखविल्याशिवाय घाट उतरू नका. आणि उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. अलीकडच्या गाड्या गिअरमध्ये असताना उतारावर पेट्रोल आपणहून तोडतात, आणि न्यूट्रलमध्येच उलट थोडे जाळतात. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, धोमचे पाणी पाहत उतरा. चालवणाऱ्याने मात्र रस्ताच पाहावा.