सुटेल असं जोडावं

जुन्या वाड्याचं लाकूड वखारीत येतं ते माती, चुना आणि काजळी अंगावर घेऊनच. कडीपाटावर पसरलेली माती फळ्यांच्या फटींत घट्ट बसलेली असते. स्वयंपाकघरावरच्या कड्या चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या असतात. तुळईचं भिंतीत पुरलेलं टोक वर्षानुवर्षांच्या ओलीनं मऊ पडलेलं असतं. तेवढं टोक कापून टाकलं आणि मधल्या भागावर रंधा मारला, की आतला साग सोनेरी-तपकिरी रंगाचा, तेलकट आणि पूर्ण निरोगी निघतो. शंभर वर्षं छप्पर पेललेल्या लाकडात अजून शंभर वर्षांचं बळ असतं.

पुण्याच्या पेठांमधले वाडे एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. त्यांतून निघालेल्या सागाची बाकं, टेबलं, मांडण्या आणि आरशाच्या चौकटी मी करतो. हे काम करता करता एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. हे लाकूड माझ्या हाती धडधाकट आलं, कारण ते पहिल्यांदा जोडणाऱ्यांनी सुटेल असं जोडलं होतं.

वाड्याचा सांगाडा पाहा. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. एका लाकडाला कुसू काढायचा, दुसऱ्याला खाच पाडायची, एकात एक बसवायचं आणि आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. मुख्य सांध्यांत ना खिळा, ना सरस. वरचं वजन असेपर्यंत सांधा जागचा हलत नाही. वजन उतरवून खुंटी बाहेर ठोकली, की दोन्ही लाकडं जशी जोडली तशी मोकळी होतात. काही कुसवांवर आणि त्यांच्या खाचांवर मला पटाशीनं कोरलेल्या एकसारख्या खुणा सापडतात. कुठला तुकडा कुठे बसतो, हे मिस्त्रींनी लाकडावरच लिहून ठेवलेलं असतं.

या पद्धतीची ताकद पाहायची असेल तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. बाजीराव पेशव्यांनी कोथरूडला बांधलेल्या मस्तानी महालाचे अवशेष तिथे आणून पुन्हा उभे केले आहेत. कोरीव खांब आणि कमानी एका जागेहून निघून दुसऱ्या जागी उभ्या राहू शकल्या, कारण त्या लाकडी होत्या आणि सुट्या करता येत होत्या. सिमेंटच्या घराला हे भाग्य नाही.

हे लाकूड किती लांबून आलं आहे, तेही मी विसरत नाही. शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानांतून आला असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या घरांत ब्रह्मदेशचा साग येऊ लागला. तिथे उभ्या झाडाच्या बुंध्याची साल आणि खालचं कोवळं लाकूड गोल कापत आणि झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या सुकू देत. ओला साग पाण्यात बुडतो, सुकलेला तरंगतो. मग ते ओंडके हत्तींनी ओढून इरावती नदीच्या पाण्यात सोडायचे, आणि ते रंगूनपर्यंत वाहत यायचे. या व्यापारात 1863 साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन आघाडीवर होती. याच कंपनीच्या लाकूडतोडीच्या वादाचं निमित्त करून इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशातलं मंडालेचं राज्य घेतलं. तिथला थिबा राजा रत्नागिरीत नजरकैदेत आला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण पाहतो, पण आपल्या माजघराच्या कड्याही त्याच इतिहासातल्या आहेत हे लक्षात येत नाही. ब्रह्मदेशानं, म्हणजे आजच्या म्यानमारनं, 2014 पासून सागाचे ओंडके निर्यात करणं बंद केलं. वाडा पाडताना असा साग चुरा होऊन भरावात जावा, हे मला सहन होत नाही.

जुनं म्हणून सगळंच लाकूड मी घेत नाही. आधी टोकदार पेचकसानं टोचून पाहतो. लाकूड दबलं तर आत कूज आहे किंवा वाळवी. बारीक भोकांतून पिवळी पूड झडत असेल तर भुंगा अजून जिवंत आहे. मग मेटल डिटेक्टर फिरवायचा. पोटात मोडून राहिलेला एक घडीव चौकोनी खिळा करवतीचं पातं नासवतो आणि माणसाला इजाही करतो. लोखंडाभोवती सागाला निळसर काळा डाग पडतो. तो खरवडत बसू नये, तो लाकडाच्या आयुष्याचाच भाग आहे.

दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटबाबत मात्र फार जपावं लागतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांच्या वर नसावं, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असेल असंच धरून चालावं. असा रंग पॉलिश पेपरनं कोरडा घासला की विषारी धूळ उडते, आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त. रंग ओला करून किंवा रंग उतरवायचं रसायन लावून खरवडावा, तोंडावर चांगला मास्क असावा, निघालेला रंग गोळा करून वेगळा ठेवावा. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला भारदस्त असतात, पण ते अनेकदा क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेले असतात. घरातल्या टेबलासाठी ते वापरू नयेत. मालवाहतुकीच्या पाइनच्या पॅलेटवर शिक्का असतो, तो वाचावा. एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं लाकूड. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते मी दुकानात आणतच नाही.

लाकूड स्वच्छ झालं की खरा विचार सुरू होतो. तुळईला आधीच खाचा आहेत, कडीला ठरलेली लांबी आहे, दाराच्या फळीला कोयंड्याची भोकं आहेत. ती बुजवून नव्यासारखं करण्यापेक्षा त्या खाचांतच बाकाचे पाय बसतील का, ते मी आधी पाहतो. बहुतेक वेळा बसतात. जुन्या मिस्त्रींची मापं उदार असायची.

वस्तू कुठून आली याचंही भान ठेवावं लागतं. दारावरची गणेशपट्टी बाकाखाली किंवा पायाशी येऊ देत नाही, ती डोळ्यांच्या उंचीवरच लागते. उंबरठ्याचं बसायचं बाकही करत नाही. ज्यावर पाय द्यायचा नाही असं आपण लहानपणापासून ऐकलं, त्याची मांडणी होते आणि तिच्यावर घरातली पितळी भांडी राहतात. एका आजींच्या वाड्याच्या तुळईला लोखंडी आकडा होता. मी पक्कड हातात घेतली तशी त्या म्हणाल्या, “अहो, तो आकडा तेवढा राहू द्या हं. आमच्या तिन्ही मुलांचे पाळणे त्यालाच टांगले.” त्यांच्या नव्या फ्लॅटमधल्या बाकाच्या पाठीला तो आकडा तसाच आहे, आणि नात त्याला दप्तर अडकवते.

जोडकामात मी जुन्यांचाच नियम पाळतो. कुसू, खाच, खुंटी. जिथे लोखंड लागतंच तिथे खिळ्याऐवजी स्क्रू. टेबलाचा पाट खालच्या चौकटीला चिकटवत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. साग इतरांपेक्षा कमी हलतो, तरी हलतोच. म्हणून स्क्रूचं भोक लांबट ठेवायचं, पाटाला सरकायला जागा राहते आणि तो तडकत नाही. वरून चपड्याचं पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख पुन्हा स्पिरिटनं विरघळते, त्यामुळे ओरखडा पडला तर तेवढाच भाग नीट करता येतो. पॉलियुरेथेनचा थर उखडला तर सगळा पृष्ठभाग घासावा लागतो.

याच कारणानं एक काम मी घेत नाही. जुन्या फळीच्या भेगेत रंगीत रेझिन ओतून केलेली टेबलं सध्या फार मागितली जातात. दिसतात सुंदर, यात शंका नाही. पण इपॉक्सी एकदा घट्ट झालं की वितळत नाही, आणि लाकूड त्यातून पुन्हा वेगळं निघत नाही. शंभर वर्षांत दोन-तीन रूपं घेऊ शकणारं लाकूड तिथे कायमचं अडकतं. बाजारातल्या पार्टिकल बोर्डाच्या कपाटाचंही तेच. भुसा आणि रेझिन दाबून केलेलं ते बोर्ड पाण्यानं फुगलं की स्क्रू धरत नाही, आणि त्यातून कुणाला पुढे काही करता येत नाही. टाकाऊतून वस्तू केली आणि तीच पुढे कायमची टाकाऊ झाली, तर आपण कचरा फक्त काही वर्षं पुढे ढकलला.

माझ्या प्रत्येक वस्तूच्या तळाशी आता मी पटाशीनं खुणा कोरतो: कुठली खुंटी आधी काढायची, कुठला तुकडा कुठे बसतो. ज्याला त्या लागतील तो मला ओळखणारही नाही, पण काम त्याच्यासाठीच आहे.

तुमचा वाडा, चाळ किंवा गावचं घर उतरणार असेल तर एवढं करा. बिल्डरशी करार करताना लाकूड कुणाचं, ते स्पष्ट लिहून घ्या. मशीन लावण्याआधी छपरापासून खाली, हातानं, क्रमानं लाकूड उतरवण्याची अट घाला. यात काही दिवस जास्त जातात आणि मजुरीही जास्त लागते. खांब, तुळया, कड्या आणि दारं वेगवेगळी रचून, वर पत्रा टाकून, जमिनीपासून उंच ठेवा. सगळं घरात ठेवायला जागा नसेल तर वखारीत द्या, पण फोडू देऊ नका. एका तुळईचं घरात बाक झालं तरी पुढच्या पिढीच्या हाती साग पोचतो, आणि त्याचं काय करायचं ते ठरवायला ती मोकळी राहते.