तीन तबकड्यांतला ‘शोले’

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, आबांच्या औषधांच्या डब्याशेजारी, प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या तीन व्हीसीडी आहेत. तिन्हींवर तोच गब्बरसिंग छापलेला. फरक एवढाच की खाली एक, दोन, तीन असे आकडे. वडिलांनी २०१२ साली त्या गुलमंडीवरून आणल्या. मी तेव्हा तिसरीत होतो. त्या आणण्यामागे कारण होते आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, नाणे.

हे नाण्याचे प्रकरण आधी सांगायला हवे. आबा १९७६ साली पैठण तालुक्यातून मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले. वय वीस-एकवीस. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला होता आणि लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे हलला नाही, हे सर्वांना ठाऊकच आहे. आबा दोनदा हाउसफुल्लची पाटी वाचून परत आले. तिसऱ्यांदा ब्लॅकने तिकीट काढून आत शिरले. पुढचे त्यांच्याच शब्दांत: “जयनं नाणं उडवलं की नाही, ते पडद्यावर वाजलंच न्हाई. आमच्या खुर्च्यांखालून घरंगळत गेलं. मी पाय वर घेतले. शेजारचा तर वाकून शोधाया लागला!”

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की पाढ्यांच्या आधी ती मला पाठ झाली. तेव्हा व्हीसीडी आल्या त्या रविवारी आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत आत्या, आत्याचे यजमान, त्यांची मुले आणि शेजारचे दोघेजण असे एकवीस इंची टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले. मी सर्वांत पुढे. नाणे उडाले. टीव्हीतून ‘टिक्’ असा, कुणी बोटाने वाटी वाजवावी तसा, आवाज आला आणि संपला. मी मागे वळून मोठ्याने म्हणालो, “आबा थापा मारतात!”

सगळे हसले. आबाही हसले. पण त्यानंतर त्यांनी ती गोष्ट सांगितली नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणत, “असंल बाबा, लई दिवस झाले.” शिवाय साचेखात्याच्या खडखडाटात त्यांचे कान अधू झालेले, १९८२ च्या संपानंतर ते इकडे आले आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लागले ते अर्धे ऐकू येईनासे होऊनच. बहिऱ्या माणसाने आवाजाची आठवण सांगावी आणि आठ वर्षांच्या पोराने ती खोटी पाडावी! मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्या व्हीसीडींचे गुणवर्णन काय करावे! पहिली संपे ती नेमकी गब्बरच्या अड्ड्याजवळ. बूट दिसत, दगडांवरून ओढला जाणारा पट्टा दिसे आणि पडदा निळा. मग कुणीतरी उठायचे, दुसरी घालायची, तोवर भीती पार उतरलेली. कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह पहिल्या दृश्यापासून अखेरपर्यंत चिकटलेले. तिसरी मध्येच अडके. तिला टूथपेस्ट चोळून पुसायचे काम माझ्याकडे होते. (हा उपाय कुणी शोधला देवजाणे, पण आळीतल्या प्रत्येक घरात तो माहीत होता.) सगळ्या शोलेपैकी एकट्या एम. एस. शिंदे यांना फिल्मफेअर मिळाले, तेही संकलनासाठी. अशा माणसाने तोलूनमापून जोडलेल्या चित्रपटाचे तीन तुकडे कुठे पडावेत, हे ठरवले मात्र तबकडीत किती मिनिटे मावतात यावरून.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी आबा म्हणाले होते. रामगढच्या खडकांचे दृश्य होते. आबा डोळे बारीक करून म्हणाले, “एवढं आभाळ नव्हतं तिथं.” यावर नाण्यापेक्षाही जास्त हशा झाला. आभाळ कमी-जास्त कसे होईल?

होते. हे मला कळायला महाविद्यालयात यावे लागले. ‘शोले’चे चित्रीकरण झाले ते साध्या ३५ एम.एम.च्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत. ७० एम.एम.चे कॅमेरे परवडणारे नव्हते. नंतर ती चौकट मोठी करून ७० एम.एम.च्या लांबट पडद्यासाठी वरचा-खालचा भाग छाटला गेला. मिनर्व्हात आबांनी पाहिले ते छाटलेले, रुंद चित्र. आमच्या व्हीसीडीत उतरली होती मूळची चौकोनी चौकट, म्हणून वर जास्तीचे आभाळ. आणि चित्र तरी केवढे? व्हीसीडीत आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, बस्स. ध्वनीचे तर विचारूच नका. थिएटरात तो स्टिरिओफोनिक होता, निरनिराळ्या कर्ण्यांतून निरनिराळ्या बाजूंनी येई. आमच्या टीव्हीला कर्णा एकच. नाणे घरंगळणार कुठून कुठे?

म्हणजे आबा दोन्ही वेळा खरे बोलले होते.

वसतिगृहातल्या माझ्या एका मित्राला ‘मॅड मॅक्स’चे वेड आहे. जगाची घडी मोडल्यावर ओसाड रस्त्यांवर पेट्रोलसाठी होणाऱ्या मारामाऱ्यांची ती ऑस्ट्रेलियन मालिका, जॉर्ज मिलर यांची. त्याने सांगितलेली हकीगत ऐकून मला बरे वाटले. १९७९ चा पहिला चित्रपट अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या वितरकांनी ऑस्ट्रेलियन बोली लोकांना कळणार नाही म्हणून सगळ्यांच्या तोंडी अमेरिकन आवाज बसवले. नायक मेल गिब्सनचाही आवाज दुसऱ्याचा. घरोघरच्या कॅसेटांवर वर्षानुवर्षे तेच आवाज राहिले. खऱ्या आवाजांची डीव्हीडी तिथे निघाली २००२ मध्ये. इंग्रजीचे इंग्रजीत भाषांतर! तेव्हा आपणच दुर्दैवी असे नाही.

पण ‘शोले’च्या बाबतीत गंमत पुढेच आहे. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी आधी जो शेवट केला होता त्यात ठाकूर गब्बरला मारून टाकतो. आणीबाणीचे दिवस, माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालेना. म्हणून नवा शेवट चित्रित झाला: पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात. इमामसाहेबांच्या मुलाच्या, म्हणजे आपल्या सचिन पिळगांवकरांच्या, हत्येचे दृश्यही गेले. मूळ शेवट प्रथम बाहेर आला तो १९९० साली ब्रिटनमधल्या व्हिडिओ कॅसेटवर. नंतर डीव्हीडी निघाल्या दोन प्रकारच्या. एक २०४ मिनिटांची, मूळ शेवटाची, पण चौकोनी चौकटीची. दुसरी रुंद चित्राची, पण १९८ मिनिटांची आणि पोलिसांच्या शेवटाची. शेवट हवा तर पडदा सोडा, पडदा हवा तर शेवट सोडा! आमच्या व्हीसीडीत तर चौकटही चौकोनी आणि शेवटही पोलिसांचा. या साऱ्यापेक्षा केवळ संवादांची जी ध्वनिमुद्रिका निघाली होती तीच बरी म्हणायची. वडील सांगतात, गणपतीच्या मांडवात ती लावली की माणसे पडद्याविना सबंध चित्रपट पाहत.

अखेर फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘शोले’चे पुनरुज्जीवन हाती घेतले. मूळ निगेटिव्ह खराब झालेली. लंडन आणि मुंबईत सापडलेल्या साहित्यावरून काम झाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला तो दाखवला गेला आणि १२ डिसेंबर २०२५ ला, मूळ शेवटासह, आपल्याकडे लागला. मी आबांना घेऊन गेलो. तिकिटे मी काढली. शिकवणीचे पैसे होते.

आबा इस्त्रीचा सदरा घालून, कानाचे मशीन लावून आले. चित्रपट सुरू होताच मशीन शिट्ट्या घालू लागले. त्यांनी ते काढून खिशात टाकले. जयने नाणे उडवले. मी पडद्याकडे पाहायचे सोडून आबांकडे पाहत होतो. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि विचारले,

“वाजलं का?”

“वाजलं, आबा.”

“खालून?”

मी म्हणालो, “खालून.” खरे म्हणजे त्या क्षणी माझे लक्ष आवाजाकडे नव्हतेच.

शेवट आला. ठाकूरने गब्बरला मारले आणि तो रडू लागला. पोलीस आले नाहीत. आबा दिवे लागेपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. रिक्षात मी त्यांच्या कानाशी ओरडून सेन्सॉरची हकीगत सांगितली. रिक्षावालाही ऐकत होता.

“पन्नास वर्सं मला वाटत व्हतं, ठाकूरनं ऐकलं,” आबा म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, “ऐकलं व्हतं रे. मी पाहिलंय.”

यावर मी काही बोललो नाही. एकदा बोललो होतो, तेवढे पुरे.

घरी आल्यावर त्यांनी कपाटावरच्या तिन्ही व्हीसीडी काढायला लावल्या. आमचा प्लेअर कधीच भंगारात गेला आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तिसरी त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा वेष्टनात घातली.

“पोलीस हिच्यात हायेत,” ते म्हणाले. “नीट ठिव.”