हमखास दिसेल म्हणणाऱ्या बोटीत बसू नकोस

गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली

प्रिय मुक्ता,


वहिनीचा फोन आला होता. दिवाळीनंतर तू आणि जावईबापू मालदीवला चाललात, तिथं भर समुद्रात शार्कसोबत पोहणार, तिकिटंसुद्धा काढून झाली, आणि आता "अक्का, तुम्हीच समजवा तिला, तुमचं ऐकते ती" असं तिचं म्हणणं. शार्क म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं सिनेमातला जबडाच आला असणार. दादा काही बोलला नाही, पण फोन स्पीकरवर होता आणि त्याचा खाकरण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मी समजावणार आहे, पण जाऊ नकोस म्हणून नाही. खुशाल जा. मळ्यातल्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून तुला मीच पाण्यात सोडलं होतं, आणि मे संपायच्या आत तू डबा सोडून काठावरनं मुटका मारायला लागली होतीस. पाण्याची भीती तुझ्या अंगात नाही, ती आता कुणी घालूही नये. मला सांगायचंय ते वेगळंच. त्याआधी वहिनीच्या धास्तीचं उत्तर देते, म्हणजे हे पत्र तू तिलाही वाचून दाखवू शकशील.

तुम्ही बघायला चाललात तो व्हेल शार्क. जगातला सगळ्यात मोठा मासा. पूर्ण वाढलेला 18 मीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ 60 फूट. तोंड उघडलं की दीड मीटर रुंद. दात तीन हजारांच्या घरात, पण ते तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, आणि चावायच्या कामाचे नाहीतच. हा मासा तोंड उघडून पाणी आत घेतो, कल्ल्यांतून गाळून बाहेर सोडतो आणि मागं राहिलेले सूक्ष्म जीव, बारीक झिंगे, माशांची अंडी गिळतो. माणूस हे त्याचं खाणं नाही, आणि त्याचा घसाही तेवढा रुंद नाही. दक्षिण आरी नावाच्या प्रवाळबेटांच्या कड्याला, जिथं तुमचं धिगुरा बेट आहे, तिथं जे दिसतात ते बहुतेक सगळे वयात न आलेले नर, साधारण 20 फुटांच्या आसपासचे. एवढी मोठी पोरं, आणि अजून वयात यायची आहेत! पूर्ण वाढलेल्या माद्या माणसाला क्वचितच दिसतात. त्या पिलं कुठं घालतात, हे एवढी साधनं असूनही अजून कुणाला नक्की सापडलेलं नाही.

हे सगळं मी पुस्तकातलं सांगतेय असं वाटेल. तर ऐक. मागं आमची शिक्षकमंडळींची कोकण सहल गेली होती, तेव्हा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला मी स्वतः तोंडाला मास्क लावून पाण्यात उतरले. बाकीच्या बायका होडीतच बसून राहिल्या. 1987 साली तिथला समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. राज्यातलं ते पहिलं. पाण्याखाली खडकाला चिकटलेली प्रवाळं, त्यांतून ये-जा करणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि कानात माझाच श्वास. मोठं जनावर काही दिसलं नाही. पण परत येताना होडीवाल्या तांडेलाशी गप्पा निघाल्या आणि तो म्हणाला, बाई, मोठा ठिपकेवाला बघायचा असेल तर आमच्या जाळ्यात बघा, कधीमधी येतो, आणि आला की जाळं कापावं लागतं.

जाळं कापायचं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. रात्रभर समुद्रात राहायचं, डिझेल जाळायचं, आणि पहाटे जाळं ओढताना त्यात हजारो किलोचं जनावर तडफडताना दिसायचं. त्याला होडीत घेता येत नाही आणि सोडायला गेलं की कर्ज काढून घेतलेलं जाळं फाडावं लागतं. 2018 च्या डिसेंबरपासून आपलं सरकार असं जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, पण सोडल्याचा फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. मोठ्या जाळ्याची किंमत त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. तरी कोकणातली माणसं कासवं सोडतात, डॉल्फिन सोडतात, व्हेल शार्कही सोडतात. विचार कर मुक्ता, हाता-तोंडाशी आलेली रात्रीची कमाई पाण्यात सोडून, वर हातात मोबाइल धरून त्याचं चित्रण करायचं. याला मोठं मन लागतं.

गुजरातच्या किनाऱ्यावर तर याची शिकारच चालायची. यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावत, पाणी झिरपू नये म्हणून. पुढं मांसाला परदेशात भाव आला तशी कत्तल वाढली. माइक पांडे यांनी त्यावर माहितीपट केला, देशभर तो गाजला, आणि 2001 साली व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. वाघाला जे संरक्षण, तेच या माशाला. पण कायदा किनाऱ्यावर एकटा काय करणार? 2004 साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियानं मोहीम काढली आणि मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. लेकीवर हात कोण टाकणार? तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी शेकडो मासे जाळी कापून सोडले. एवढं साधं बोलणं, पण ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या घरातलं बोलणं होतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता मुख्य मुद्दा. धिगुराला पोहोचलात की किनाऱ्यावर बोटवाले भेटतील. काहीजण म्हणतील, हमखास दाखवतो, नाही दिसला तर पैसे परत. मुक्ता, त्या बोटीत बसू नकोस.

कारण सांगते. हा मासा तिथं उथळ पाण्यात का येतो, याबद्दल अभ्यासकांचा एक अंदाज आहे. खाणं शोधायला तो फार खोल बुड्या मारतो. 1,900 मीटरपेक्षाही खोल गेल्याची नोंद आहे. तिथं अंधार आणि गोठवणारं पाणी. माशाचं रक्त स्वतः गरम राहत नाही, म्हणून वर येऊन तो प्रवाळाच्या कडेच्या कोमट पाण्यात सावकाश फिरत राहतो, अंगात ऊब भरेपर्यंत. आपल्याकडं थंडीत शेतीची लाइट रात्रीची असली की गव्हाला पाणी देऊन आलेला गडी सकाळी भिंतीला टेकून उन्हात बसतो ना, तसं. आता त्या गड्याभोवती चाळीस माणसं गोळा झाली, कुणी पुढून, कुणी अंगावरून वाकून फोटो काढायला लागलं, तर तो काय करील? उठून जाईल. हाही बुडी मारून जातो, त्याच थंड पाण्यात, ऊब भरायच्या आत.

आणि हमखास दाखवायचं म्हटलं की हेच होतं. एका बोटीला मासा दिसला की चार बोटी त्या दिशेनं वेगानं धावतात. पृष्ठभागालगत फिरणाऱ्या माशाला पंख्याचं पातं लागतं. दक्षिण आरीतल्या कितीतरी माशांच्या पाठीवर, परांवर असे कापल्याचे व्रण आहेत. मालदीवनं 1995 सालीच व्हेल शार्क मारायला बंदी केली, 2010 मध्ये सगळ्याच शार्कची मासेमारी बंद केली, 2009 साली हा पट्टा संरक्षित ठरवला. देशानं आपलं काम केलंय. पण भर पाण्यात बोटीचं हँडल कुणाच्या हातात आहे आणि मागं बसलेलं गिऱ्हाईक त्याला काय म्हणतंय, यावर बाकीचं ठरतं. गिऱ्हाईक तू आहेस.

फिलिपिन्समध्ये ओस्लोब नावाचं गाव आहे. तिथं 2011 च्या सुमाराला कोळ्यांनी होडीतून बारीक झिंगे टाकून व्हेल शार्कना रोज सकाळी बोलवायला सुरुवात केली. आता तिथं हमखास दिसतात आणि माणसांची जत्रा असते. त्या कोळ्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्या घरात पहिल्यांदा पैसा आला. पण जो मासा अख्खे महासागर ओलांडायचा, त्यातले काही आता त्याच किनाऱ्याला घुटमळत राहतात, होड्यांना घासून घेतात, आणि शेजारचं प्रवाळही खराब झालंय असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. हमखासची किंमत ही अशी असते.

2023 साली आमच्या शाळेत एक गंमत केली होती. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पाठीवर त्या फेब्रुवारीत उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं, तिचं नाव बागेश्री. पेपरात तिचा ठिकाणा यायचा आणि पोरं वर्गातल्या नकाशावर टाचणी हलवायची. कर्नाटक झालं, केरळ झालं, श्रीलंकेला वळसा घालून बाई बंगालच्या उपसागरात पोहोचल्या. मधे काही दिवस बातमीच आली नाही, तर सातवीतली पोरं रोज मधल्या सुट्टीत विचारायची. ज्यांनी अजून नांदेडच्या पलीकडचं गाव पाहिलेलं नाही त्यांना बागेश्रीची काळजी! तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. म्हणूनच टाचणी पुढं सरकली की वर्गात ओरडा व्हायचा.

तेव्हा बोट ठरवताना सरळ विचार: मासा दिसला तर पाण्यात एका वेळी किती जणांना सोडता? दुसऱ्या बोटी असल्या तर थांबता का? नाही दिसला तर काय? "नाही दिसला तर नाही, उद्या बघू" असं म्हणणारा असेल, तर दोन पैसे जास्त दे आणि त्याच्याबरोबर जा.

आता पाण्यातलं. विहिरीत मी तुला जे शिकवलं त्यातलं थोडं तिथं विसरायचं. सूर मारायचा नाही, बोटीच्या कडेनं अलगद उतरायचं. पायानं पाणी उडवायचं नाही. पायाला लावायला लांब पंखे देतात, ते पाण्याखालीच ठेवून मांडीतून सावकाश हलवायचे. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून धुऊन घे, वाफ धरत नाही. किळस करू नकोस, सगळे तेच करतात. नळीत पाणी शिरलं तर घाबरून डोकं वर काढायचं नाही, जोरात एक फुंकर मारली की पाणी बाहेर. श्वास तोंडानंच. सुरुवातीला दम लागल्यासारखं होईल, मालवणला मलाही झालं होतं. किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात आधी अर्धा तास सवय कर.

मासा आला की त्याच्या बाजूनं, पुढं आडवं न जाता. अंगापासून 3 मीटर आणि शेपटीपासून 4 मीटर लांब राहायचं, हा तिथला नियम आहे, आणि शेपटीचा नियम तुझ्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तो रागावून मारणार नाही, पण त्या शेपटीच्या सहज फटक्यानंही बरगडी मोडेल. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. तो संथ चाललाय असं दिसतं, पण चार-पाच मिनिटांत तुझी दमछाक होईल. झाली की थांब. जाऊ दे त्याला.

खरा धोका मासा नाही, हे वहिनीला ठासून सांग. धोका आहे तो पाण्याच्या ओढीचा आणि वरून जाणाऱ्या बोटींचा. विहिरीतलं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी चालतं. बोटीतून उतरलेली जागा आणि डोकं वर काढशील ती जागा एकच नसते. मालदीवमध्ये स्नॉर्केलिंग करताना माणसं दगावली आहेत, त्यात पोहायला येणारेही होते. म्हणून लाइफ जॅकेट घाल, गटाबरोबर राहा आणि जावईबापूंना नजरेआड होऊ देऊ नकोस. त्यांचं पोहणं पुण्याच्या तलावातलं आहे ना, त्यांच्याकडं जास्त लक्ष दे. आणि प्रवाळावर उभं राहू नका, दम लागला तरी नाही. ते दगड दिसतात, पण जिवंत असतात.

आणखी एक काम सांगते, ते मात्र करच. व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, आणि कुणा दोघांचे ठिपके सारखे नसतात. आकाशातले तारे ओळखायला खगोलशास्त्रज्ञांनी जी गणिती पद्धत काढली, तीच वापरून आता संगणक या ठिपक्यांवरून मासा ओळखतो. दक्षिण आरीत 2006 पासून मालदीव व्हेल शार्क रिसर्च प्रोग्राम नावाची संस्था या माशांची अशी नोंदवही ठेवते, आणि पर्यटकांनी पाठवलेले फोटोही घेते. डाव्या बाजूचा, कल्ल्यांच्या मागचा भाग नीट दिसेल असा एक फोटो काढ. मागं तुझा चेहरा यायला हवा असं काही नाही. तारीख, वेळ, ठिकाण लिहून त्यांना पाठव. अंगावर व्रण असेल तर त्याचाही काढ. कोणता मासा कुठं जखमी झाला, बरा व्हायला किती दिवस लागले, हे अशा फोटोंवरूनच त्यांना कळतं. मला नंतर पाठवलास तरी चालेल, आधी त्यांना. मी सातवीच्या वर्गात लावीन, पोरांना बागेश्रीनंतर नवं कुणीतरी हवंच आहे.

दिसला नाही तर नाही दिसला असं कळव. तेही मी वर्गात सांगेन.

दादाला म्हणावं हळद शिजवायच्या कढईचा निरोप मिळाला, पाठवते. वहिनीला रोज रात्री एक फोन कर, रेंज असो नसो, हॉटेलातून कर. बोट लागते तुला, लहानपणी एसटीही लागायची. गोळी निघायच्या अर्धा तास आधी घे, आणि उपाशी चढू नकोस.

तुझी
आत्या