न तासता

लाकूडही शिळं होतं, हे मी लहानपणी आमच्या सुतारकाकांकडून ऐकलं. रंधा मारलेली फळी ते कधी रात्रभर ठेवत नसत. "आज तासली तर आजच गम लावायचा. उद्या धरणार नाही." सागाच्या बाबतीत तर फारच कडक. सागात मुळातच तेलकट द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे वाळवी लांब राहते, आणि गमही!

माझा भाचा जर्मनीत ग्योटिंगेनला शिकतो. तिथल्या 'हॉक' या उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात लाकडावर प्लाझ्मा वापरण्याचं संशोधन बरीच वर्षं चाललंय. परवा त्याने व्हिडिओ पाठवला. दोन इलेक्ट्रोड, मध्ये विद्युतरोधक थर, मिलिमीटरभर फट आणि हजारो व्होल्ट. फटीतल्या हवेत बारीक जांभळ्या ठिणग्यांची रिमझिम, आणि तिच्याखाली फळी. (युक्ती जुनीच. सीमेन्सने १८५७ मध्ये ती ओझोन बनवायला वापरली होती.) आता तुम्ही म्हणाल, लाकूड जळत कसं नाही? तर तापतात ते इलेक्ट्रॉन, हवा फारशी तापत नाही. मात्र हवेतला ऑक्सिजन फुटून लाकडाच्या अगदी वरच्या थराशी जोडला जातो. मग जिथे पाण्याचा थेंब टपोरा उभा होता, तिथेच तो पसरून जिरतो. गमही तसाच पसरतो. सुतारकाका रंध्याने जे करत, तेच, पण भुसा न पाडता.

मला एवढा रस का, तर आमच्या गावच्या घराची सागवानी चौकट. तिला चीर पडलीय, तुकडा बसवायचाय, पॉलिशही करायचंय. आताचा सुतार म्हणतो, तासल्याशिवाय काही धरणार नाही. आणि तिथेच आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा आहेत, चाकूने कोरलेल्या. धाकट्याची शेवटची खूण माझ्या कमरेच्या जरा वर आहे. त्यानंतरची दिवाळी त्याने पाहिली नाही.

भाच्याला विचारलं. पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "मामा, प्लाझ्मा काही नॅनोमीटरच बदलतो. तुमच्या चौकटीवर चाळीस वर्षांचं जवसाचं तेल आहे, त्याच्याखाली तो पोचणारच नाही. आणि ताज्या लाकडावरसुद्धा परिणाम हळूहळू उतरतो, आतली द्रव्यं पुन्हा वर येतात." म्हणजे तिथेही आजचं आजच!

असो. सुताराला खडूने रेघा मारून दिल्या आहेत. वर तासायचं, खाली तासायचं. मधल्या दीड हाताला रंधा लावायचा नाही. चीर तिथूनही जाते, ती तशीच राहील.