मोटारींचे अनुबंध

पाणिनीच्या धातुपाठांत 'करणें' या अर्थाचा धातु 'डुकृञ्' असा दिला आहे. आपण 'करोति' म्हणतों तेव्हां त्यांत ना 'डु' ऐकूं येतो, ना 'ञ्'. परंतु या धातूचीं 'करोति' व 'कुरुते' अशीं दोन्ही पदांचीं रूपें होतात हें वैयाकरणास त्या 'ञ्'वरून कळतें, आणि 'कृत्रिम' हा शब्द सिद्ध होतो तो 'डु'च्या आधारानें. अशा न उच्चारल्या जाणाऱ्या वर्णांस अनुबंध म्हणतात. मुलांस हें शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. मोटारींसही असेच अनुबंध असतात, हें मात्र सेवानिवृत्तीनंतर आमच्या कानीं आलें.

आमचा एक भाचा अमेरिकेंत असतो. त्यानें बी.एम.डब्ल्यू. कंपनीची 'थ्री सीरीज' या नांवाची, २००६ च्या मॉडेलची दोन दरवाज्यांची जुनी मोटार घेतली. ब्रेकचे पॅड झिजले म्हणून त्यानें गाडीचें नांव व साल सांगून नवे मागविले. पण आलेले पॅड बसेनात. घरांत दोन लहान मुलें. झिजलेल्या ब्रेकांवर गाडी रस्त्यावर कोण काढील? आठवडाभर ती दारांत उभी राहिली.

नांव बरोबर, सालही बरोबर. मग चुकलें कोठें? त्या वर्षाच्या मॉडेलांत ही कंपनी अमेरिकेंत एकाच नांवाखालीं दोन निराळ्या बांधणींच्या मोटारी विकत होती. चार दरवाज्यांची सेडान नव्या बांधणीची होती; कारखान्यांत तिचा संकेत ई९०. दोन दरवाज्यांची कूपे आधींच्याच बांधणीची, म्हणजे ई४६. भाच्याची गाडी ई४६, आणि दुकानदारानें पाठविले ई९० चे पॅड! यांतील 'ई' हें 'विकास' या अर्थाच्या जर्मन शब्दाचें आद्याक्षर आहे. पुढील बांधणींस कंपनीनें 'एफ' व 'जी' हीं अक्षरें लाविलीं.

मर्सिडीज-बेंझची कथा उलट आहे. १९८४ सालीं निघालेल्या तिच्या एका मोटारीचा संकेत डब्ल्यू१२४. 'डब्ल्यू' म्हणजे 'वागेन', अर्थात् गाडी. हीच बांधणी कूपेची असेल तर 'सी' आणि मागें सामानाची प्रशस्त जागा असलेल्या लांब गाडीची असेल तर 'एस'. तिच्या पाठीवर प्रथम '३०० ई' अशीं नांवें असत. तेथील 'ई' इंजिनांत इंधन फवारण्याच्या योजनेचा द्योतक होता. १९९३ सालीं कंपनीनें तें अक्षर आंकड्याच्या आधीं आणून 'ई-क्लास' असें नामकरण केलें. नांव बदललें, मूळ बांधणी तीच राहिली. अमरकोश पाठ केलेल्यांस यांत नवल वाटूं नये. तेथें 'हरि' या एका शब्दास विष्णु, सिंह, वानर असे अनेक अर्थ आहेत, आणि एका विष्णूस नांवेंही अनेक आहेत.

जपानांत तर अनुबंधच उच्चारांत आला. टोयोटाच्या १९८३ च्या एका मोटारीचा संकेत ए-ई-८६. 'ए' म्हणजे इंजिनाचें कुल, 'ई' म्हणजे कोरोलाचें घराणें, ८ हा पिढीचा आंकडा आणि ६ हा तींतील प्रकार. शौकीन लोक तिला 'हाची-रोकु', म्हणजे 'आठ-सहा', म्हणूं लागले. आणि २०१२ सालीं कंपनीनें एका नव्या मोटारीचें नांवच '८६' ठेविलें.

हे संकेत गाडीच्या बाहेर लिहिलेले क्वचितच आढळतात. परंतु चासी नंबर प्रत्येक गाडीवर कोरलेला असतो, व आपल्याकडे तो आर.सी.वरही नमूद असतो. संकेत एका बांधणीच्या सर्व गाड्यांचा. चासी नंबर एकट्या गाडीचा. हल्लीं तो सतरा चिन्हांचा असतो. पहिल्या तिहींवरून गाडी कोणाची हें कळतें. आणि १ व ० या अंकांशीं घोटाळा होऊं नये म्हणून आय, ओ व क्यू हीं अक्षरें त्यांत घेतच नाहींत.

तेव्हां ज्या गृहस्थांच्या दारीं मोटार आहे, त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, सुटा भाग मागवितांना नांव व साल यांवर न विसंबतां चासी नंबर द्यावा, आणि जुनी गाडी घेतांना आर.सी.वरील नंबर व गाडीवरील नंबर अक्षरशः ताडून पाहावा. नांव विकणाऱ्याच्या सोयीचें असतें. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबणें हें मात्र तिच्या बांधणीस योग्य तोच भाग बसविल्यावर अवलंबून आहे, आणि त्या गाडींत आपलीं मुलें बसलेलीं असतात.