आत्याची यादी

आमच्या घरात कार्य कुठलंही असो, यादी आत्याच्या हातची. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाशेजारी तिचं बारीक अक्षर असायचं: गॅस कधी लावला, गुरुजींना आठवण कधी करायची, पाऊस आला तर पंगत कुठे बसवायची. घराची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर, सगळ्यात उंच. मी सहलीला निघाले की दप्तरात पत्त्याची चिठ्ठी आणि परतीचं भाडं वेगळ्या रुमालात बांधलेलं असे.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आत्या दहा वर्षांची होती, राहायला नारायण पेठेत. पुराच्या पाण्यापेक्षा ती त्याआधीच्या तासांबद्दलच जास्त बोलते. कुणी म्हणे पाणी येणार, कुणी म्हणे नाही. "काय उचलायचं, कुठं जायचं, कुणी नक्की सांगेचना गं." खडकवासलाही फुटलं. घर गेलं, माणसं वाचली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावर दगड. खाली साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका. झटका बसणारच हे ठाऊक असताना माणसांवर जेवढा ताण येई, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मीनिम्मी असताना येई. तो वाचला आणि मला आत्याची ती सकाळ कळली.

नातेवाईक तिच्या स्वभावाला किरकिर म्हणत. मला तो शब्द सोसत नाही. ठरलेलं बिनसलं की तिची झोप उडे, जेवण जात नसे, हे मी पाहिलंय. पण आम्ही भावंडं बेफिकीर वाढलो ती तिच्या जिवावर. माझे वडील गेले त्या वर्षीसुद्धा माझ्या फीची तारीख चुकली नाही, आणि ती कधी येऊन गेली हे मला कळलंही नाही.

आता तिला डॉक्टरांकडे न्यायचं असलं की आदल्या रात्री फोन येतो. "रिक्षा सांगितलीस ना?" तासाभरानं पुन्हा तेच. घरचे म्हणतात, 'हो' म्हणून ठेवून दे. मी तसं करत नाही. सव्वानऊला रिक्षा, फाइल माझ्याकडे, मी फाटकाशी उभी, परतताना औषधं घ्यायची. सगळं क्रमानं सांगते. "आणि तो आलाच नाही तर?" तेही मी ठरवून ठेवलेलं असतं.