बेल वाजवायला शिकवताना

‘आजी, जपून चाला हं,’ एवढं सांगितलं की आपलं काम झालं, असं वॉर्डात पुष्कळांना वाटतं. मी परिचारिका आहे. मेडिसिन वॉर्डातल्या वयस्कर रुग्णांना पडण्यापासून कसं वाचायचं ते शिकवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. जपून चालायचं हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तरीही माणसं पडतात, आणि बऱ्याचदा पडतात ती कुणाला त्रास नको म्हणून.

रात्रीचा वॉर्ड बघा. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या आजींना दोनच्या सुमारास जाग येते. खाटेलगत खाली चटई टाकून लेक झोपलेली असते. दिवसभर औषधं, रिपोर्ट, डबा यांमागे धावून दमलेल्या लेकीला उठवणं आजींच्या जिवावर येतं. त्या पाय खाली सोडतात, सलाईनचा चाकांचा स्टँड आधाराला धरतात आणि लेकीला ओलांडायला अंधारात पाऊल उचलतात.

रुग्ण दाखल झाला की आम्ही ‘मॉर्स फॉल स्केल’ भरतो. जॅनिस मॉर्स यांची पडण्याच्या धोक्याची ही सहा मुद्द्यांची मोजणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. पूर्वी पडल्याचे २५ गुण, सलाईनचे २०, टेबल-खुर्च्यांना धरून चालण्याचे ३०. मोजणी उपयोगाचीच आहे. पण संकोचाला तिथे रकाना नाही. तो बोलण्यातून काढावा लागतो.

म्हणून मी स्टूल ओढून बसते आणि विचारते, ‘रात्री बाथरूमला जायचं झालं तर काय कराल?’ ‘जाईन की हळूच, भिंतीला धरून.’ इथून शिकवणं सुरू होतं. मग दिवसाउजेडी आम्ही ती रात्र करून बघतो. खाट खाली घेतलेली, चाकांचे ब्रेक लावलेले. कुशीवर वळायचं, उठून काठावर बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, डोकं हलकं वाटत नाही ना ते बघायचं, मग कुणीतरी शेजारी असतानाच उभं राहायचं. कारणही सांगते. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं. तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा जास्त अंकांनी घसरला, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. अंथरुणात काढलेले दिवस आणि बीपीच्या गोळ्या हा धोका वाढवतात. हे समजलं की मदत मागण्यात कमीपणा वाटत नाही. म्हातारपणाचा दोष गोळीकडे जातो.

मग बेल. ती हाताला येते का ते बघते आणि त्यांनाच वाजवायला लावते. लेकीला समोर बसवून विचारते, ‘आईनं उठवलं तर चालेल ना?’ ‘अगं आई, उठव मला!’ हे लेकीच्या तोंडून येतं, तेव्हा माझ्या दहा सूचनांचं काम होतं. चटई उतरायच्या बाजूने हलवतो. काकांचा संकोच वेगळा. मुलीच्या वयाच्या सिस्टरला लघवीसाठी बोलवायचं कसं? त्यांच्यासाठी युरिन पॉट हाताशी ठेवते आणि झोपण्याआधी एकदा बाथरूमला नेऊन आणायला वॉर्डबॉय मामांना सांगते. गुळगुळीत सपाता आणि साडीचे लोंबणारे काठ यांचा बंदोबस्त दोन मिनिटांत होतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नुसती पुस्तिका आणि चित्रफीत देऊन पडणं कमी झालं नाही. सोबत फिजिओथेरपिस्टने खाटेशी बसून बोलणं केलं, तेव्हा भान शाबूत असलेल्या रुग्णांमध्ये ते कमी झालं. भ्रमात असलेल्या रुग्णांना मात्र हा लाभ दिसला नाही. अशा आजोबांना मी शिकवत बसत नाही. त्यांच्याजवळ माणूस लागतं.

आणि माणूस बेल वाजवणाऱ्यालाही लागतं. हिंमत करून आजींनी बेल दाबली आणि वीस मिनिटं कुणी फिरकलं नाही, तर पुढच्या वेळी त्या बेल दाबणार नाहीत. मी कितीही शिकवलं तरी. रात्रपाळीला एका सिस्टरकडे खाटा किती, हा प्रश्न म्हणूनच या शिकवण्याचाच भाग आहे. रुग्णांना मी ‘बेल वाजवा’ सांगते, तितक्याच आग्रहाने व्यवस्थापनाकडे रात्रीची माणसं मागते. ही दुसरी मागणी पुरी झाली, तरच पहिली करण्याचा अधिकार मला आहे.